उभ्या गाडीचं पेट्रोल

सकाळी खाली उतरले तर बाबांनी आमच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडून त्याला सलाईनची बाटली टांगली होती. बाटली त्यांच्याच आजारपणातली. आता तिच्यात पेट्रोल होतं आणि नळी थेट कार्बोरेटरला जोडलेली. इंजिन सुरू, गाडी जागच्या जागी. नुसती उभी राहून ती किती पेट्रोल पिते, ते बाबांना मोजायचं होतं.

"बघ, बघ, उतरतंय," ते म्हणाले. हातात घड्याळ, डोळे बाटलीवरच्या रेघांवर. ऑपरेशन झाल्यापासून इतकं खुशीत मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

मीही वाकून बघायला लागले आणि माझाही जीव त्या बाटलीत अडकला. एक चाक हलत नव्हतं, तरी पेट्रोल एकेक रेघ सोडून खाली सरकत होतं. नुसतं सुरू राहायलाही केवढं लागतं. खुर्चीत गप्प बसलेल्या माणसाचंही असंच होत असणार. आपण म्हणतो, ते आराम करताहेत. आत सगळं चालूच असतं, फक्त बाहेरून रेघा दिसत नाहीत.

"अहो, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय ना," गॅलरीतून आई म्हणाली.

बाबांनी इंजिन बंद केलं, बाटली काढली, गाडीची नळी पुन्हा जागेवर बसवली आणि बॉनेट लावलं. मग वर आईकडे बघितलं.

"उभं राहूनही जळतंच आहे," ते म्हणाले, "तर नदीपर्यंत जाऊन येतो." आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.