बोरीचे मामा आणि अमेरिकेचे मामा

माझे मामा बोरी अरबला राहतात. घरची कपाशी, सोयाबीन, थोडी तूर, एक म्हैस. माणूस सरळ, पण चेहरा सरळ नाही. कान पुढे वळलेले, जणू कुणीतरी हाक मारणार आहे. डोळ्यांखाली दोन पिशव्या. नाक अर्ध्या रस्त्यात विचार बदलून डावीकडे गेलेलं. वर पूर्ण टक्कल. असा चेहरा देवाने एकच केला असणार, अशी आमच्या घरात सगळ्यांची खात्री होती आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती.

ही खात्री एका दिवाळीच्या सुट्टीत गेली.

मी यवतमाळला औषधांच्या दुकानात कामाला आहे. सुट्टी मिळाली म्हणून मामांकडे गेलो होतो. दुपारची जेवणं झाली होती. मामा खाटेवर आडवे, मामी मेथी निवडत होती, आणि टीव्हीवर हिंदीत बोलणारा इंग्रजी सिनेमा लागला होता. त्यात एक पोलीस गाडीला टेकून काहीतरी खात उभा होता. त्याने तोंड वळवलं आणि मामीच्या हातातली मेथी खाली पडली.

"अवं माय! अवो, उठा! तुमी पोलीस झाले!"

मामा उठून बसले. पडद्यावर तेच कान, त्याच पिशव्या, तेच डावीकडे निघालेलं नाक. फक्त रंग गोरा आणि कमरेला पिस्तूल. आम्ही तिघं तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. तेवढ्यात त्या पोलिसाच्या मागून कबुतराएवढ्या मधमाश्या निघाल्या.

"पय ना बे!" मामा ओरडले. "खाऊन काय राह्यला? मांगं पाय!"

त्याने मागे पाहिलं नाही. मधमाश्यांनी त्याला उचलून नेलं आणि सिनेमा त्याच्याशिवाय पुढे निघाला. मामीने मामांना पाणी आणून दिलं आणि मामांनी ते घटाघटा पिऊनही टाकलं.

घरासमोरच मामांच्या लहानपणच्या दोस्ताचं वेल्डिंगचं दुकान आहे. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं. त्यांच्या दुकानातही टीव्ही असतो. तेसुद्धा धावत आले.

"भाऊ, तुम अमरीका कब गए? और गए तो बताए क्यूँ नहीं?"

त्या दिवसापासून मामांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. तो अमेरिकन नट मुख्य भूमिकेत कधीच नसायचा. दोन-चार मिनिटं यायचा, एखादं वाक्य बोलायचा आणि बहुतेक वेळा मरायचा. पण यायचा मात्र पुष्कळ सिनेमांत. मिस्त्रींचा टीव्ही दिवसभर चालू असल्यामुळे त्यांनाच तो आधी दिसायचा. मग ते हातातलं काम टाकून रस्त्यापलीकडून आवाज द्यायचे, "भाऊ, आ गए तुम! जल्दी आओ, मरने से पहले आओ!" मामा म्हशीखालून दुधाची बादली तशीच ठेवून पळायचे.

हळूहळू गावातल्या लोकांनाही सवय झाली. चहाच्या टपरीवर कुणी विचारायचं, "काय मामा, आज काय झाले तुमी?"

"आज जज झालो. चांगलं काम होतं. एका पोट्ट्याले जन्मठेप देल्ली."

"अन् काल?"

"काल दारूच्या दुकानात गिलास पुसून राह्यलो होतो. पह्यल्याच गोळीत गेलो."

मामांची एकच तक्रार होती. हिंदी करणारे लोक त्या नटाला दर वेळी वेगळा आवाज लावायचे. कधी जाड, कधी घोगरा. एकदा तर अगदी बायकी आवाज लावला तेव्हा मामा जेवले नाहीत. "मानूस एक, तं आवाज एक पाह्यजे का नाई? लोकं काय म्हनतीन?" मिस्त्रींनी त्यांची समजूत घातली. "भाऊ, हीरो तो हर पिक्चर में बदल जाता. तुम हर पिक्चर में हो." ते वाक्य मामांना इतकं आवडलं की त्यांनी ते मला फोन करून सांगितलं.

एकदा मामांनी मला हुकूम सोडला. "तू इंग्रजी वाचतं ना? मंग तो मानूस कोन हाय, कोन्या गावचा हाय, पुरी माहिती काढून आन." मी मोबाइलवर शोधून शोधून अखेर त्याला गाठलं आणि पुढच्या रविवारी बोरीला गेलो. ओसरीत मामा, मामी आणि मिस्त्री सत्यनारायणाची कथा ऐकायला बसावं तसे बसले. मी मोबाइलवर वाचून मराठीत सांगू लागलो.

"लहान गावात जन्म झाला. आजूबाजूला सगळी कापसाची शेती. वडील कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला होते."

"पाह्य!" मामांनी मांडीवर थाप मारली. "कपाशीवाला हाय! म्या म्हनलंच होतं, चेहऱ्यावरूनच दिसते."

"आधी बूट विकायचा. मग सिनेमावाल्यांची गाडी चालवायला लागला. एक दिवस पोलिसाचं काम करणारा माणूस आलाच नाही, तर यालाच वर्दी घालून उभा केला. तेव्हापासून सिनेमात."

"नसीब," मिस्त्री म्हणाले. "वर्दी बराबर आ गई होगी."

"आणि लग्नं तीन," मी वाचलं.

वाचायला नको होतं, हे मामीकडे पाहिल्यावर कळलं.

"तीन?" मामी म्हणाली.

"एकामागे एक," मी घाईने सांगितलं. "एकदम नाही."

मामी मामांकडे वळून बसली. मामांनी टकलावरून हात फिरवला. "माह्याकडं काऊन पाहून राह्यली? म्या कुठी केले? त्यानं केले!"

"थोबाड तेच हाय," मामी म्हणाली. "गुनही तेच असतीन."

यानंतर मामीने मामांशी बोलणं बंद केलं. निरोप म्हशीमार्फत जायचे. "जेवाले सांग वं त्याईले," असं ती म्हशीला म्हणायची आणि मामा गोठ्यातून निमूट जेवायला यायचे. त्यांनी मला फोन केला. "भाच्या, काहीतरी चांगलं शोध ना बाप्पा त्याच्याबद्दल. माह्या संसाराचा प्रश्न हाय." मी पुन्हा शोधलं आणि तिसरी बायको कित्येक वर्षं त्याच्याजवळच नांदते आहे, अशी बातमी दिली. मामीने ती नीट ऐकून घेतली, विचार केला आणि म्हणाली, "तिसरी समजदार असन." त्या संध्याकाळी तिने मामांना स्वतः हाक मारली. तिथून पुढे टीव्हीवर तो दिसला की ती त्याच्या शर्टाची इस्त्री पाहायची आणि तिसरीला शाबासकी द्यायची.

मग यंदाच्या कापूस वेचणीत एका सकाळी राळेगावहून आईचा फोन आला. ती रडत होती. "तुहा मामा गेला रे!"

दारव्ह्याच्या एका नातेवाइकाने तिला कळवलं होतं. त्याला मिस्त्रींच्या मोबाइलच्या स्टेटसवर मामांचा काळापांढरा फोटो दिसला होता, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली लिहिलेलं, "अपना आदमी चला गया." मी मामांना फोन लावला. वाजत राहिला. मामीचा लावला, तोही वाजत राहिला. शेवटी मिस्त्रींना लावला.

"मिस्त्री, खरं आहे का हो?"

"हाँ बेटा, सच है." त्यांचा आवाज भरून आला होता. "नींद में गए. तकलीफ नहीं हुई. क्या काम किए ज़िंदगी भर!"

आता विचारायला काही उरलंच नव्हतं. आई एसटीने यवतमाळला आली आणि स्टँडवरूनच आम्ही बोरीवरून जाणाऱ्या दारव्ह्याच्या गाडीत बसलो. आई रस्ताभर रडत होती. शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईने तिचा हात धरला आणि विचारलं, "मोठा होता का लहान?" "लहान होता वं, पाठचा," आई म्हणाली, आणि मग ती बाईही रडायला लागली.

बोरीला पोचलो तेव्हा अंगणात दारव्ह्याचे नातेवाईक आधीच जमले होते. बायका गळ्यात गळे घालून रडत होत्या. घराला कुलूप होतं. सगळे म्हणाले, दवाखान्यात असतील. आई उंबऱ्यावर बसली आणि तिने मोठा हंबरडा फोडला.

तेवढ्यात डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन शेतातून मामा आले. दोघांचेही फोन घरीच राहिले होते. गाठोड्याच्या ओझ्याने मान खाली, त्यामुळे त्यांना आधी फक्त चपला दिसल्या, पुष्कळ चपला. मग त्यांनी मान वर केली. आपल्या अंगणात सगळं गणगोत रडत आहे आणि त्यात मामी कुठेच नाही, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी गाठोडं फेकलं आणि मटकन खाली बसले.

"गेली काय माही लक्ष्मी! सकाळी तं चांगली होती! भाकर करून देल्ली होती वं मले!"

रडणारे सगळे गप्प झाले. आता आवाज फक्त मामांचा येत होता. आम्ही ज्यांच्यासाठी रडत होतो ते छाती पिटत होते. इतक्यात चक्कीवरून दळण घेऊन मामी फाटकातून आत आली. डोक्यावर डबा, पापण्यांपर्यंत पीठ. एका म्हातारीने तिला पाहून किंकाळी मारली.

"काऊन रडून राह्यले?" मामीने मामांना विचारलं. "कोन गेलं?"

"तू गेली ना!" मामा म्हणाले.

आई उठली. तिने मामांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, मग त्यांना मिठी मारली, मग आणखी एक धपाटा घातला. "जित्ता हायेस तं सांगता येत नाई काय रे मले!"

ग्राइंडर बंद केल्यावर मिस्त्रींना गलबला ऐकू आला आणि ते रस्ता ओलांडून आले. सगळ्यांनी त्यांना घेरलं. "अरे, मैं तो उनकी बात कर रहा था!" ते कळवळून म्हणाले. "वो अमरीका वाले! मोबाइल पे खबर आई थी. सुबह से सब पूछ रहे थे, सच है क्या, सच है क्या. मैं बोला, सच है. मेरे को लगा, दारव्हा में भी उनको इतना मानते!"

अंगणात हशा पिकला. हसले नाहीत ते एकटे मामाच. ते गाठोड्याला टेकून बसले. "गेला काय?" त्यांनी हळूच विचारलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि शेजारी जाऊन बसले. मामी डबा उतरवून पदराने तोंड पुसत होती. "तिसरीचं कसं होईन आता?" ती म्हणाली. "एकटी पडली असन बाई." मग आईने, जिला त्या नटाबद्दल काहीच माहीत नव्हतं, डोळे पुसत विचारलं, "मूलबाळ होतं काय त्याले?"

लोक लांबून आले होते, त्यांना तसंच कसं पाठवणार? मामीने ताज्या पिठाच्या भाकरी थापल्या, पिठलं घातलं. पंगत बसली. ज्याचं नाव कुणालाही धड उच्चारता येत नव्हतं, त्याच्या आठवणी निघाल्या. मामांनी मधमाश्यांचं मरण उभं राहून करून दाखवलं.

निघताना दारव्ह्याच्या नातेवाइकाने पिशवीतून झेंडूचा भलामोठा हार काढला. "म्या तं हा आनला होता," तो ओशाळून म्हणाला. "आता याचं काय करू?"

"काय करतं म्हनजे? घाल," मामा म्हणाले आणि त्यांनी मान पुढे केली.

मिस्त्रींनी फोटो काढला. आधीच्या घोटाळ्याची भरपाई म्हणून त्यांनी तो लगेच स्टेटसला टाकला. गळ्यात हार, भोवती माणसं, मागे हसणाऱ्या बायका. खाली लिहिलं, "अपना आदमी सलामत है."

आम्ही यवतमाळच्या गाडीत बसेपर्यंत मामांचे फोन सुरू झाले होते. कोणत्या निवडणुकीत निवडून आले, असं लोक विचारत होते. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावातून दोन शेतकरी घरी आले आणि त्यांनी शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यावर मुरूम टाकून मागितला. मामांनी त्यांना चहा पाजला आणि पाहतो म्हणून सांगितलं.