हजेरीवाल्या काकू

सकाळी सात वाजता आमच्या शंकर नगरच्या गल्लीतल्या सहाही घरांच्या घंट्या ओळीने वाजत. आतून कुणी "हव", म्हणजे हो, म्हणेपर्यंत काकू दारातून हलत नसत. चहाला बोलावलं तर म्हणत, "चहाले नाही आली मी. आवाज आला, झालं माझं काम." नवरा रेल्वेत होता, तो गेल्यापासून त्या एकट्याच. सगळे त्यांना हजेरीवाल्या काकू म्हणत आणि पाठीमागे हसत. मीही हसे.

हे वेड त्यांना लागलं ते मुलाकडे, कॅनडात सहा महिने राहून आल्यावर. आमच्या या हिंदी मुलखाचं वेगळं राज्य नुकतंच झालं होतं, आमचं शहर राजधानी ठरलं म्हणून रस्ते खणून ठेवले होते, घरात बोटबोट धूळ. त्यामुळे तिथलं ऐकायला सगळी गल्ली जमली. काकूंनी हात आखडता घेतला नाही. पाणी, बस, दवाखाना, प्रत्येक बाबतीत तिथलंच वरचढ. "धूळ म्हणशील तर बोटाले लागत नाही." मग परत काहून आल्या, असं कुणी विचारलं की मात्र पदर सावरून उठत.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्या माझ्याकडे बसल्या असताना लाइट गेली. पंखा थांबला तशा त्या आपणहून बोलायला लागल्या.

"पोराच्या घरासमोर एक म्हातारी राहे. खिडकीत खुर्चीवर बसलेली, बाजूले दिवा, भर दिवसाही सुरू. मी म्हटलं, काय श्रीमंत देश आहे, दिवसाही लाइट बंद करत नाहीत. पोरगा ड्युटीवर गेला की मी तिले खिडकीतून नमस्कार करत होती. ती नुसती पाहे. मले वाटलं, माझी साडी पाहून राहिली." पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "मग पोलीस आले. तेरा दिवस झाले होते तिले जाऊन. इथं तेरवीचं जेवण झालं असतं, पोरी."

मी पुठ्ठ्याने त्यांना वारा घालू लागले.

"तिनं एकदा मान हलवली होती," काकू हळूच म्हणाल्या. "नमस्कार घेतला माझा. कोणत्या दिवशी, ते नाही आठवत."



एवढं ऐकूनही माणूस सुधारतो थोडाच. एका रविवारी मी मुद्दाम गप्प पडून राहिले. घंटी वाजली, पुन्हा वाजली, थांबली. मग खिडकीच्या काचेवर काकूंचा चेहरा टेकला. त्या थेट माझ्याकडे पाहत होत्या, मी त्यांच्याकडे. उठायचं होतं, पण अंग हलेना. काकूंनी सावकाश दोन्ही हात जोडले.

तेव्हा मी ओरडलेच, "हव काकू, हव!"

दार उघडलं तर त्या पायरीवर बसल्या होत्या. "हव म्हणायले काय लागते तुले?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

दोन वर्षांनी एका सकाळी घंटी वाजली नाही. सात वाजून दहा मिनिटांनी सगळी गल्ली काकूंच्या दारात होती, "आंटीजी, संडे को तो सोने दो" म्हणणारे कोपऱ्यावरचे साहेबसुद्धा. कडी तोडून आत गेलो. काकू अंथरुणावरच होत्या. हात धरला, अजून कोमट होता. रडू येण्याआधी मला समाधान वाटलं, हे लपवत नाही.

तेरवी आटोपून मुलगा परत निघाला. तिकडे तोही एकटाच राहतो, हे तेव्हा कळलं. टॅक्सीत बसता बसता म्हणाला, "दीदी, रोज सुबह एक फोन लगा दिया करो मेरे को. बात करने की जरूरत नहीं."

मी रोज लावते. तो "हां दीदी" म्हणून ठेवून देतो. एखाद्या दिवशी मात्र फोन नुसता वाजत राहतो. तो कानाला लावून मी उभी असते, आणि त्या अख्ख्या देशात त्याचं दार ठोकायला सांगावं असं एकही माणूस माझ्या ओळखीचं नाही.