शामरावांच्या आईची कॅसेट

डॉक्टर रिपोर्ट वाचतात तशी शामराव गाण्यांची यादी वाचायचे. नव्वदच्या दशकात राजारामपुरीत त्यांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. कोरी कॅसेट आणि यादी द्यायची. दोन दिवसांनी गाणी भरून, कव्हरवर वळणदार अक्षरात नाव घालून कॅसेट मिळायची. मला तेव्हापासूनच याद्या करायची सवय, त्यामुळे आमचं जमलं.

आठवीत मी नाचाची गाणी भरून घेतली, दहावीत पॉप, अकरावीत गझला. गझलांची यादी वाचून ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "गेल्या साली उड्या, आन् औंदा रडारड? तब्येत बरी हाय न्हवं?"

बारावीत मी दहा प्रेमगीतांची यादी दिली आणि कव्हरवर वर्गातल्या एका मुलाचं नाव घालायला सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले. दोन दिवसांनी बाबा ऑफिसला निघताना म्हणाले, "तुझी कॅसेट येताना मीच आणतो." नको म्हणायला कारण सुचेना. माझ्या मावसबहिणीचं कॉलेज एका चिठ्ठीपायी सुटलं होतं आणि दोन महिन्यांत तिचं लग्नही उरकलं होतं. त्या संध्याकाळी साडेपाच ते सात मी एकच कप तीनदा विसळला.

बाबा आले, पाय धुतले, कॅसेट टेपमध्ये घातली. एक बाई अभंग म्हणत होती, साथीला नुसते टाळ. कव्हर कोरं.

"अभंग? तू?" बाबा म्हणाले. "आवाज साधाच आहे, पण ऐकत राहावासा वाटतो."

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, तर शामराव खाली बघूनच बोलले. "तुझा बाप दारात येऊन उभा ऱ्हायला, तवा हाताला घावली ती दिली. तुझी कपाटात हाय. परीक्षा झाली की ये. तवर हीच लाव घरात."

मी लावत राहिले. बाबा खूश होते. पण जानेवारीत मला रेडिओवरच्या नव्या सिनेमाच्या गाण्यांचं वेड लागलं आणि कोरी कॅसेट घरात नव्हती. अभंगांची दुसरी बाजू बाबा कधी लावत नसत. मी तिच्यावर गाणी भरली.

परीक्षा संपल्यावर शामरावांनी माझी कॅसेट काउंटरवर ठेवली. कव्हरवरचं नाव वाचून मला लाजच वाटली. "पुसून टाका," मी म्हणाले.

"आन् माझी आणलीस न्हवं? आईचा आवाज हाय त्यो. लोकांच्या भरत बसलो की! हिची दुसरी काढायची तेवढी ऱ्हायली. आता तर आई बी न्हाय."

मी सायकलनं घरी जाऊन कॅसेट आणली आणि काय केलं ते एका दमात सांगून टाकलं. त्यांनी दुसरीच बाजू लावली. माझी गाणी एकामागून एक वाजत राहिली. तीन महिन्यांतच ती मला नकोशी झाली होती. शामराव मशीनला कान लावून प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकत होते. मला जाता येईना, बसता येईना. शेवटचं गाणं तुटलं, खरखर झाली आणि टाळ वाजले. बाईंची दीड ओळ आली, मग फीत संपली.

"ऱ्हायलंय की थोडं," ते म्हणाले.

मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खुंट्या मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर परत काही भरता येत नाही. मोडके तुकडे त्यांनी माझ्या हातात ठेवले आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बस हितं. दुसरी काढूया हिची. आवाज न्हाय करायचा मधी."