तांबीला पिल्लं नव्हती

"किती आहेत तेवढं सांगा, डॉक्टर. दोन घरं मी ठरवून ठेवलीत. दोनपेक्षा जास्त असतील तर आजपासूनच आणखी शोधायला लागतो."

इक्बालभाई टेबलापाशी उभे होते, तांबीच्या मानेखाली हात देऊन. मी सोनोग्राफीचा प्रोब तिच्या पोटावर फिरवत होते आणि स्क्रीनवर पिल्लं शोधत होते. दिवस भरत आलेल्या कुत्रीच्या पोटात पिल्लांची हृदयं लुकलुकताना दिसतात, पाठीचे मणके ओळीने दिसतात. एकदा पाहिलं की कुणालाही कळावं इतकं स्पष्ट. इथे तसं काही नव्हतं. नुसत्या जाड नळ्या होत्या, एकमेकींना चिकटून वळलेल्या, आणि आत काहीतरी पातळ भरलेलं.

"पिल्लं नाहीत," मी म्हणाले.

"एकही नाही?"

"एकही नाही. गर्भाशयात पू झालाय."

त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. आपल्याला दिसत नाहीत म्हणजे डॉक्टरांनाही दिसत नसतील, अशा नजरेने.

कोथरूडमध्ये माझा छोट्या प्राण्यांचा दवाखाना आहे, पंचवीस वर्षं होतील. हा आजार मी दर महिन्याला पाहते. त्याचं नाव पायोमेट्रा. ज्या कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नाही, तिला माज येऊन गेला की पुढचे काही आठवडे तिच्या शरीराची तयारी गाभण असल्यासारखीच चालते. नर भेटलेला असो वा नसो. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आणि त्यात जंतू शिरले की पू साठायला लागतो. कधी तो बाहेर वाहतो. मग घरच्यांना काहीतरी बिघडलंय हे कळतं. पण गर्भाशयाचं तोंड बंद राहिलं तर पू आतच साठतो, पोट फुगतं, आणि घरचे पिल्लांसाठी जुन्या चादरी काढून ठेवतात.

तांबीचं ते तोंड बंद होतं. वय आठ. वजन एकोणीस किलो, त्यातलं तिचं किती आणि पुवाचं किती कोण जाणे. ताप मोजला तर अठ्ठ्याण्णवच्या वर पारा जाईना. कुत्र्यांचं नॉर्मल तापमान आपल्यापेक्षा जास्त, एकशे एक-दोन असतं. आजारी कुत्रं गार पडायला लागलं तर तापापेक्षा ते वाईट. हिरड्या मळकट झाल्या होत्या.

आमच्या सुनंदाताईंनी तोवर सलाइन तयार ठेवलं होतं. त्या माझ्याकडे पंधरा वर्षं आहेत, माझ्या तोंडाकडे बघून त्यांना पुढचं कळतं.

"हिचं ऑपरेशन करावं लागेल," मी इक्बालभाईंना सांगितलं. "आजच. दोन-तीन तास सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन तिला जरा सावरते, आणि मग गर्भाशय काढून टाकते. दुसरा उपाय नाही."

"मग करा ना."

"तुमची आहे ना ही?"

ते अडखळले. "माझी म्हणजे... बाईंची आहे."

मग सगळं बाहेर आलं. कसबा पेठेत त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान. वरच्या मजल्यावर देवधर बाई राहतात, एकट्याच. म्युनिसिपालटीच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या, चौथीला इक्बालभाईंच्या वर्गशिक्षिका. आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या. अडीच महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यात गुंतागुंत झाली, अजून जिना उतरता येत नाही. तेव्हापासून तांबीला सकाळ-संध्याकाळ इक्बालभाईच फिरवतात.

"माझ्याच हातून पट्टा सुटला, डॉक्टर. दोन महिने झाले. नदीकडच्या बाजूला एक काळा कुत्रा होता. मी पोचेपर्यंत व्हायचं ते झालं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आता निस्तर. म्हणून घरं शोधत होतो." त्यांनी तांबीच्या कानामागे खाजवलं. "सोमवारपासून जेवत नाहीये. पाणी मात्र बादलीभर पिते. बाईंनी तुम्हाला फोन केला होता ना सोमवारी."

मला लगेच आठवलं नाही. मी मोबाइलचा कॉल लॉग काढला. सोमवार, सकाळी साडेअकरा, एक मिनिटसुद्धा नाही, चाळीस सेकंद. आणि मग आठवलं. टेबलावर एक घाबरलेलं पामेरियन होतं, एका हातात लशीची सिरिंज, खांदा आणि कानाच्या मध्ये फोन. एक ठाम आवाज म्हणाला होता, "आमची कुत्री गाभण आहे. जेवत नाही आणि पाणी फार पितेय." मी म्हणाले होते, "गाभण असेल तर होतं तसं. गुरुवार-शुक्रवारकडे सवडीने आणा."

आज गुरुवार होता. त्यांनी मी सांगितलं तसंच केलं होतं.

वय किती, माज कधी येऊन गेला, उलटी होतेय का, गाभण आहे हे कुणी सांगितलं... यातलं काहीही मी विचारलं नव्हतं. जेवण बंद, पाणी जास्त, नसबंदी न झालेली प्रौढ कुत्री: विद्यार्थ्याने परीक्षेत एवढं वाचून पायोमेट्रा लिहिलं नसतं तर मी त्याला नापास केलं असतं.

आमच्याकडे कुठल्याही ऑपरेशनआधी मालकाची लेखी संमती घेतात. भुलीचा धोका असतो, जनावर दगावू शकतं, आणि तो धोका पत्करायचा की नाही हे मालकाने ठरवायचं असतं. इक्बालभाई म्हणाले, "मी करतो सही." मी नको म्हटलं. म्हणाले, "अहो, रोज दोन वेळा फिरवतो." मला त्यांचं पटत होतं. पण आठ वर्षं जिने सांभाळलं ती बाई फोन उचलू शकत असताना तिला न विचारता कापायचं हे काही बरोबर नव्हतं.

सुनंदाताईंना सलाइन लावायला सांगितलं. भूल देणारे माझे सहकारी नितीन कात्रजला होते, त्यांना लगेच निघायला सांगितलं. मग बाईंना फोन लावला.

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती?"

मी सगळं सांगितलं.

"ऑपरेशन नको," त्या म्हणाल्या. "माझं केलं तेव्हाही साधं आहे म्हणाले होते. अडीच महिने मी या खुर्चीत आहे. तिला कापायचं नाही. गोळ्या द्या."

"गोळ्यांनी होणार नाही, बाई."

"प्रयत्न तरी करून बघा. तुम्ही लोक प्रयत्नच करत नाही, एकदम सुरी काढता."

मी स्क्रीनचा फोटो पाठवते म्हटलं. "मला ती ढगांची चित्रं कळत नाहीत. शब्दांत सांगा. आणि चान्सेस, रिस्क, कॉम्प्लिकेशन असलं नको. सरळ सांगा."

मी घड्याळाकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं. "ऑपरेशन केलं तर ती वाचेल, पण टेबलावर मरूही शकते. नाही केलं तर मरणारच. उद्या नाहीतर परवा. आणि त्रास होऊन."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"आणखी एक," मी म्हणाले. खरं तर त्या वेळी सांगायची गरज नव्हती. संमती हवी होती आणि मी तिच्यात खोडा घालत होते. पण न सांगता त्यांचा विश्वास मागणं मला जमेना. "सोमवारी तुम्ही फोन केलात. तेव्हाच आणा म्हणायला हवं होतं मी. तुम्हाला नीट विचारलं असतं तर कळलं असतं. चूक माझी आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडून करून घ्यायचं असेल तर मी आत्ता त्यांना फोन करते, सलाइनसकट तिला पाठवते. फक्त आजच व्हायला हवं."

"दुसरे डॉक्टर तुमच्यापेक्षा चांगले आहेत?"

"या ऑपरेशनला? नाही."

"मग विचारताय काय? करा." आणि मग, आवाज एकदम खाली येऊन, "इक्बाल आहे का तिथे? तिला भूल देईपर्यंत त्याला जवळ थांबू द्या. ती माणसाशिवाय घाबरते."

दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो आला. रेघांच्या वहीतला कागद, वळणदार अक्षर, समास सोडलेला. 'माझ्या मालकीची कुत्री तांबी हिच्यावर शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे. तीत तिचा मृत्यू संभवतो हे मला सरळ शब्दांत सांगण्यात आले आहे.' खाली सही आणि वेळ. इतकं स्वच्छ संमतिपत्र माझ्या फायलीत दुसरं नाही.

नितीनना यायला सव्वा तास लागला. तोवर तांबीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. किडनीवर ताण होता. पांढऱ्या पेशी इतक्या वाढलेल्या की मशीनने आकड्यापुढे खूण टाकली होती. इक्बालभाईंच्या फोनवर सारखे कॉल येत होते. कुणाचा तरी पीएचडीचा प्रबंध बांधून हवा होता. "थांबू दे," ते म्हणाले, "चार वर्षं लिहीत होते, अजून एक दिवस थांबतील."

दोनला आम्ही तिला आत घेतलं. भूल चढेपर्यंत इक्बालभाई तिच्या डोळ्यांसमोर वाकून उभे होते. मग सुनंदाताईंनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.

ऑपरेशन अवघड म्हणावं असं नसतं, पण हात जपून चालवावा लागतो. फुगलेलं गर्भाशय भिजलेल्या कागदासारखं होतं. जोराने उचललं तर फुटतं आणि पू पोटभर पसरतो. मी ते दोन्ही तळव्यांवर घेऊन हळूहळू बाहेर काढत होते, तेवढ्यात नितीन म्हणाले, "थांब. प्रेशर पडतंय."

मी थांबले. उचललेलं तसंच हातात धरून. त्यांनी सलाइन वाढवलं, इंजेक्शन दिलं, भूल कमी केली. मॉनिटरचा आवाज संथ होत गेला. अशा वेळी हाताला काम नसतं ते सगळ्यांत वाईट. माझ्या मनात सोमवार, मंगळवार, बुधवार असे वार चालले होते.

"चल," नितीन म्हणाले. "पटकन."

रक्तवाहिन्या बांधल्या, कापलं, बाहेर ठेवलं. नंतर तोललं तेव्हा पावणेतीन किलो भरलं. पोट धुऊन टाके घातले. तीन वाजून गेले होते.

बाहेर आले तर इक्बालभाई उभेच होते. सुनंदाताईंनी दिलेला चहा खुर्चीवर गार झाला होता. "ऑपरेशन झालं," मी म्हणाले. "वाचली असं आज म्हणत नाही." त्यांनी मान डोलावली, फोन लावला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बाई, झालं. श्वास घेतेय. नाही, अजून उठली नाही. हो बाई. हो. थांबतो."

पुढचे दोन दिवस बरे नव्हते. ती मान उचलायची नाही. किडनीचे आकडे खाली यायला तयार नव्हते. रोज सकाळी इक्बालभाई दुकान उघडायच्या आधी येत, तिच्याजवळ बसत आणि बाईंना फोन लावून तो तिच्या कानाशी धरत. बाई काय बोलत ते मला ऐकू येत नसे. शनिवारीही तसाच धरला होता, तेव्हा तांबीचं शेपूट गादीवर दोनदा आपटलं. संध्याकाळी तिने उकडलेल्या चिकनचे चार तुकडे खाल्ले आणि पाचवा सुनंदाताईंच्या हातातून ओढून घेतला. सोमवारी ती घरी गेली.

टाके काढायला बाई स्वतः आल्या. इक्बालभाई आणि त्यांच्या दोन कारागिरांनी खुर्चीसकट त्यांना जिन्यावरून उतरवलं होतं. वॉकर धरून त्या माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. बारीक, ताठ, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी टाके काढत असताना तांबी एकटक त्यांच्याकडे बघत होती.

मी पुन्हा माफी मागितली. समोरासमोर मागायची राहिली होती.

"सोमवारी मी फोन केला," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी सांगितलं की ती गाभण आहे. ते मला कुणी सांगितलं होतं? इक्बालने. आणि इक्बालला कुणी? कुणीच नाही. चूक तुमची एकटीची नाही. पण तुम्ही डॉक्टर आहात, आम्ही नाही. तेव्हा मोठा वाटा तुमचा."

"हो."

"मग आता पुढे काय करणार आहात? नुसतं वाईट वाटून घेणार?"

त्या वाट बघत राहिल्या. पन्नास मुलांच्या वर्गापुढे वाट बघितलेली बाई. शेवटी मी म्हणाले, "लिहून काढते."

"काढा."

त्याच संध्याकाळी मी आणि सुनंदाताईंनी बसून पाच प्रश्न लिहिले. वय काय, नसबंदी झालीय का, माज शेवटचा कधी येऊन गेला, खाणं-पिणं-उलटी कसं आहे, हिरड्यांचा रंग कसा आहे. कागद फोनशेजारी चिकटवलाय. फोन कुणीही उचलो, पाचही विचारायचे. लोक कधी कधी वैतागतात. "अहो, फक्त अपॉइंटमेंट हवीय," म्हणतात. आम्ही तरी विचारतो.

पाच प्रश्नांना साधारण एक मिनिट लागतं. त्या सोमवारी मी ते वाचवलं होतं, आणि त्यात तांबीचे तीन दिवस गेले.