मऊ नाही, कमी कडक

"लेझरवाला येणार" असं कारखान्यात कळलं तेव्हा मी वरच्या ओठावरून बोट फिरवलं आणि म्हटलं, चला, पार्लरचा खर्च वाचला! हसा, हसा. इथे तुर्कस्तानात, आमच्या एस्किशेहिरात, गल्लोगल्ली लेझरने केस काढून देतात. सिरॅमिकवरही लेझर मारतात हे मला कोण सांगणार? पहिल्याच दिवशी मी त्या लेझरवाल्याला, सित्कीला, विचारलं, "फार दुखतं का रे?"

तर हा गंभीर चेहऱ्याने, "सिरॅमिकला? अजून तक्रार नाही आली, आब्ला."

मी त्याच्या मोठ्या बहिणीच्या वयाची, म्हणून आब्ला, म्हणजे ताई. बाकी मान कसला देतोय! काळा चष्मा कपाळावर चढवूनच जेवायला बसायचा, जणू मसुराच्या सूपमधूनही किरण निघणारेत. मशीनजवळ कुणी शिंकलं की याचं तोंड वाकडं. नव्या नवरीला कुणी इतकं जपत नाही.

आम्ही पंपात बसणाऱ्या सिरॅमिकच्या रिंगा करतो. दगडासारख्या कडक, पण बसवताना जरा दाबल्या की काचेसारख्या तडकतात. सित्कीचं म्हणणं, लेझरने नुसती वरची कातडी वितळवून पुन्हा थिजू दिली की तडा पुढे पळत नाही. त्याच्या भरवशावर मालकांनी, हालदुन बेयनी, मशीन भाड्याने आणलं. रिंगा नापास झाल्या तर मशीन परत, आणि सित्कीही परत मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानात. त्या मेहुण्यापेक्षा तुरुंग बरा.

चाचणीच्या दिवशी हालदुन बेयनी आधी कडकपणा मोजला. तो उतरलेला!

"अरे, मऊ करून ठेवल्यास की! मिठाई करायला ठेवलंय का तुला?"

"मऊ नाही, मालक. कमी कडक."

"तेच ते!"

"तेच नाही. तडे बघा."

तपासणीचं काम माझं. साध्या रिंगेवर आणि याच्या रिंगेवर हिऱ्याचं टोक सारख्याच जोराने दाबलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मनात म्हटलं, आता सापडलास. तर साध्या रिंगेवर खड्ड्याच्या कोपऱ्यांतून तडे लांबलचक पळालेले, आणि याच्या रिंगेवर थोडं जाऊन त्यांनी बसकण मारलेली. जागा बदलून पाहिलं, तरी तेच. मेल्याचं खरं निघालं!

"राहू दे मशीन," हालदुन बेय पुटपुटले.

दुसरा कुणी असता तर गपचूप सटकला असता. हा जागचा हलेना.

"'मऊ' मागे घ्या."

"अरे, नोकरी राहिली ना तुझी?"

"राहिली. पण मऊ म्हणजे लोणी. हे लोणी आहे?"

"नाही रे बाबा!"

"मग?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आपली भिंग पुसत बसले. शेवटी ते दात आवळून म्हणाले, "कमी कडक! झालं समाधान?"

"आणि चिवट."

"ते दिसतंच आहे!"

"मी रिंगेचं म्हणतोय."

"बरं! रिंग चिवट!"