पेनड्राइव्हची रांग

"गुरुजी, अँटिव्हायरस बंद कुणी केला?"

"म्याच," गुरुजी म्हणाले. "का? काय झालं?"

काय झालं ते स्क्रीनवर दिसत होतं. प्रत्येक फाइलच्या नावाला एकच विचित्र शेपूट. एकही उघडेना. सोबत इंग्रजीत चिठ्ठी, फाइली हव्या तर पैसे भरा. याला रॅन्समवेअर म्हणतात. आपल्याच घराला परक्यानं कुलूप घालून किल्ली खिशात टाकायची, तसला प्रकार.

भोरला एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे. गुरुजी गुंजवण्याकडचे, रिटायर्ड शिक्षक. त्यांचं मूळ गाव धरणात गेलं. पाणी चढायच्या आधी त्यांनी घरोघर फिरून फोटो काढले. म्हाताऱ्या माणसांकडून शेतांची नावं वदवून घेतली, रेकॉर्ड केली. ती माणसं आता बहुतेक गेली. सगळं या एका कॉम्प्युटरमध्ये होतं.

वर्षापूर्वी ते विचारायला आले होते, कोणता अँटिव्हायरस चांगला. मी मोठी शहाणी, तासभर तुलना ऐकवली. विंडोजबरोबर येतो तो घरच्या साध्या कामाला पुरतो, फक्त अपडेट ठेवायचा. फुकटचा जाहिराती दाखवून डोकं उठवतो. मी विकते तो विकतचा पेनड्राइव्ह लावला रे लावला की सगळा तपासतो, पण मशीन जड होतं. गुरुजींकडं लोकांचे पेनड्राइव्ह येणार, म्हणून विकतचा घातला.

गावदेवाच्या जत्रेला पुनर्वसनात पांगलेली माणसं येतात. दर्शन झालं की गुरुजींच्या ओसरीवर रांग. "आमच्या घराचा फोटू द्या." त्याच पेनड्राइव्हमध्ये लग्नाचे व्हिडिओ, डीजेची गाणी, फ्लेक्सवाल्याची डिझाइनं. एकेक तपासायला दहा-दहा मिनिटं.

"लांबनं आल्याली माणसं," गुरुजी म्हणाले. "ताटकळत कशी ठेवायची? बंद केलं, की झटझट व्हायला लागलं."

"मग नंतर चालू करायचा ना."

"ध्यानातनं गेलं."

"दुसरी कॉपी?"

"हाय की. दोन फोल्डर केल्यात."

दोन्ही त्याच मशीनमध्ये. दोन्हींना कुलूप. मला त्यांचा राग आला, मग त्याहून जास्त माझा आला. त्या तासाभरात बॅकअप हा शब्द मी एकदाही काढला नव्हता.

पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्यानंही हात टेकले. मग गुरुजींनी फोन लावायला सुरुवात केली. ज्यांनी जत्रेत आपल्या घरांचे फोटो नेले होते त्यांनी पेनड्राइव्ह धाडले. मी एकेक नीट तपासून उतरवत गेले. महिनाभर हेच. बरीच घरं परत मिळाली. ज्यांचं कुणी जत्रेला आलंच नाही, त्यांची नाहीत.

शेवटी मी यादी वाचून दाखवली. "गुरुजी, तुमचं घर राहिलं. कुणाकडं असेल?"

गुरुजींनी यादी माझ्या हातून घेतली, तिची घडी घातली.

"माझं कोण नेणार, ताई? माझं तर माझ्याकडंच व्हतं. आईचा आवाजबी त्यातच."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

आता कुणी कोणता अँटिव्हायरस घेऊ असं विचारलं, की मी आधी त्याच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवते, डिस्क काढून त्याच्या हातात देते. तुलनेचं मग बघू म्हणते.