आधी पाठ, मंग चहा

थंडीत डोंगर चढायचा म्हणजे घरात असेल नसेल ते लोकरीचं अंगावर चढवायचं, असं मला साठीपर्यंत वाटत होतं. नुसतं वाटत असतं तर एक वेळ चाललं असतं, पण मी ते चारचौघांना ठासून सांगतही होते. टेलिफोन खात्यातून नुकतीच निवृत्त झालेली बाई, तिला काय कमी अक्कल! आमच्या जालन्यात मोती तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांचा एक गट आहे. त्या गटाने पहिल्यांदाच डोंगरावर जायचं ठरवलं, तेव्हा आमच्या ह्यांनी दिल्लीहून आणलेला जाडजूड कोट, त्याच्या आत दोन स्वेटर आणि वर माकडटोपी अशा थाटात मी जीपमध्ये जाऊन बसले. पिंपळगाव रेणुकाईला देवीला हात जोडले आणि तिथून पुढच्या डोंगरांकडे निघालो. चढ लागला तशा घामाच्या धारा सुटल्या. आमच्यातले कुलकर्णी सर, निवृत्त मुख्याध्यापक, बिचारे म्हणाले, "ताई, कोट काढा, मी धरतो." मी त्यांनाच शिकवलं, "सर, थंडी अशीच फसवते माणसाला." आणि वर पोचल्यावर, जिथे वारा नुसता घोंगावत होता अशा उघड्या खडकावर बसून, मी सगळ्यांच्या देखत रुबाबात कोट काढला. मग स्वेटरही काढले. म्हटलं, आता जरा वारं लागू द्यावं अंगाला...

लागलं. थोड्याच वेळात दात वाजायला लागले, हातातला कप धरवेना. ओठ निळे पडले होते म्हणे. हे नंतर वर्षानुवर्षं सगळ्यांनी मला मोठ्या आनंदाने सांगितलं. घाबरायला व्हावं इतकी मी थरथरत होते आणि तरीही "काही नाही, काही नाही" म्हणत होते. तेवढ्यात मागून एक हात न विचारता माझ्या मानेवरून सरळ कुडत्यात शिरला.

"चिंब हाय की गं पाठ! वाळत घातलेलं धुणं हाय का तू, वाऱ्यावर बसायला?"

तो हात कंचनभाभींचा होता. त्यांनी मला खडकाच्या मागे, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात नेलं, दोघींना शालीचा पडदा धरायला लावला आणि माझा ओला कुडता काढून स्वतःच्या पिशवीतला कोरडा घातला. बुडाखाली गोधडीचा तुकडा सरकवला, कोट परत चढवला. मी म्हटलं, "भाभी, आधी चहा द्या हो..." तर म्हणाल्या, "आधी पाठ, मंग चहा." आणि खरोखरच माझी पाठ पंच्याने खसखसून पुसून होईपर्यंत थर्मासचं झाकण त्यांनी उघडलं नाही.

भाभी म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या, माझ्याबरोबरच तलावाकाठी फिरायला येणाऱ्या. जैन कुटुंब, राजस्थानातून कैक पिढ्यांपूर्वी आलेलं, कापडाचं दुकान. त्यांची गॅलरी आणि आमची दाराची पायरी समोरासमोर, मधे गल्ली. दुपारभर त्या गॅलरीत धान्य निवडत बसायच्या आणि गल्लीत कोणाकडे कोण आलं, काय घेऊन आलं, काय घेऊन गेलं, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. यंदाच्या दिवाळीनंतर एका दुपारी त्याच गॅलरीतून त्यांच्या सुनेने, सोनलने, मला हाक मारली. फोन केला नाही, हाकच मारली. जेवून आडव्या झालेल्या भाभी उठल्याच नव्हत्या... मी धावत गेले तेव्हा त्यांच्या अंगावर शाल होती आणि उशाशी निवडायचं राहिलेलं तिळाचं ताट.

त्या पहिल्या डोंगरापासून भाभींचं राज्य सुरू झालं होतं. चढायच्या आधी स्वेटर काढून पिशवीत. प्रत्येकाच्या पाठीत, कपड्याच्या आत, मऊ जुन्या सुती कापडाचा एकेक लांब तुकडा. वर टेकायला बसलो की भाभी आम्हा बायकांच्या मागून फिरायच्या आणि गळ्यातून तो ओला तुकडा सर्रकन ओढून काढायच्या. जादूगार टोपीतून रुमाल काढतो ना, तसं. पाठ लगेच कोरडी, मग स्वेटर, मग शाल. पुरुषांनी पुरुषांचे काढायचे. त्या वेळी भाभी डोंगराकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि तिकडूनच हुकूम सोडायच्या, "सर, जल्दी करा, चहा निवून राह्यला!" चहा त्यांच्या घरच्या रितीचा, आलं न घातलेला. सुंठ मात्र अशी की नाकातून धूर निघावा. घरचं एवढं मोठं कापडाचं दुकान, पण या तुकड्यांसाठी नवं कापड त्यांनी कधी आणलं नाही. "नव्या कापडाला खळ असती, ते घाम पीत न्हाई. धुऊन धुऊन जीव गेलेलं पायजे," असं म्हणून गल्लीतल्या जुन्या साड्या त्या मागून न्यायच्या. माझी एक आवडती साडी अशीच कुलकर्णी सरांच्या पाठीत गेली.

मला एकच प्रश्न छळायचा. हे सगळं या बाईला कोणी शिकवलं? माहेर वडीगोद्रीचं. तिथे कापसाच्या ढिगाहून उंच चढायला काही नाही. लग्न होऊन जालन्यात आल्या, त्यानंतर दुकान, घर आणि गॅलरी. डोंगर त्यांनीही आमच्याबरोबरच पहिल्यांदा पाहिला. मी विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर यायचं. एकदा म्हणाल्या, "आमच्या मारवाडात थंडी लई असती." मी म्हटलं, "तुम्ही मारवाड पाहिलंय कधी?" "पाह्यलंय की. मे महिन्यात गेल्तो." एकदा म्हणाल्या, दुकानात एक गिऱ्हाईक सांगून गेलं. फारच मागे लागले तेव्हा वैतागून, "माणसाला डोळे कशापायी दिलेत?" मी त्यांच्या यजमानांनाही गाठलं. भाईजी म्हणाले, "मला काय माहीत? मला घरात पाठ न दाखवता चहा मिळतो." मग मी आपले तर्क लढवत बसायची. कोणी वैद्य असेल, लहानपणीचं आजारपण असेल... टेलिफोन खात्यात साऱ्या जिल्ह्याच्या तक्रारी सोडवल्या, पण समोरच्या घरातली ही एक लाइन काही मला जोडता आली नाही. आणि आता भाभीच गेल्या. त्यांच्या शोकसभेच्या दिवशी माझ्या मनात दुःखाच्या बरोबरीने ही रुखरुख होती, हे सांगायला मला थोडी लाज वाटते. विचारायचं ते विचारून झालं होतं, खरं उत्तर तेवढं मिळालं नव्हतं.

यंदा थंडी पडली तरी डोंगराचं नाव कोणी काढेना. कुलकर्णी सर म्हणाले, "राहू द्या या वर्षी." सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. सगळ्यांना कळत होतं, एकदा राहिलं की आमच्या वयात ते कायमचंच राहतं. दोनच दिवसांनी सोनल भाभींची ती कापडी पिशवी घेऊन माझ्या पायरीवर आली. आत तुकडे धुऊन, घड्या घालून ठेवलेले. "मम्मीजींनी दिवाळीच्या सफाईतच धुतलेत," ती म्हणाली. "आता यांचं काय करू? पोछे करू का?" मी म्हटलं, "खबरदार!" आणि गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा पिंपळगाव रेणुकाईच्या वाटेला लागलो. सोनलही आली.

वर पोचलो, खडकाच्या मागच्या नेहमीच्या आडोशाला बसलो. पाठीत तुकडे होते, ते सवयीने पायथ्याशीच घातले होते. ओढणारं कोणी नव्हतं. थर्मास मधे ठेवलेला, त्याला कोणी हात लावेना. एकमेकांकडे बघणंही नको झालं होतं... सोनल सगळ्यांच्या कडेला बसली होती, नवखी. तिने खांदे जवळ ओढून घेतले, तशी मी उठले आणि हात सरळ तिच्या मानेवरून आत घातला. चिंब. तुकडा ओढला, तो सर्रकन आला. तेवढ्यात कुलकर्णी सर उठले, आम्हा बायकांकडे पाठ केली आणि शेजाऱ्याच्या कॉलरला हात घातला. मी एकेकीच्या मागून फिरले. माझी पाठ शेवटी सोनलने कोरडी केली.

चहा ओतताना ती म्हणाली, "मावशी, हात अगदी मम्मीजींसारखा चालतो तुमचा." मग कप माझ्या हातात दिला. "उलटंच म्हणायला पाहिजे खरं तर. त्यांचा तुमच्यासारखा चालायचा."

"म्हणजे?"

"तुमची मीनलताई लहानपणी खोखो खेळून यायची ना, छातीचा त्रास होता तिला. तुम्ही पायरीवरच उभं करून तिच्या फ्रॉकच्या गळ्यातून ओला कपडा ओढून काढायच्या. ती दूध मागायची आणि तुम्ही म्हणायच्या, आधी पाठ. मम्मीजी गॅलरीतून रोज बघायच्या, त्यांनीच सांगितलं मला. आमच्या ह्यांनाही मंग तसंच वाढवलं त्यांनी."

मी कप खडकावर ठेवला. ती पायरी आठवली, मीनलचा तो निळा फ्रॉक आठवला, पाठीतून काढलेल्या कपड्याचा ओला, कोमट स्पर्शसुद्धा आठवला. लेकीच्या पाठीला वारं लागू न देणारी ती हुशार आई पुढे साठीला येऊन दोन स्वेटर आणि कोट घालून डोंगर चढली होती आणि घामेजून वाऱ्यात बसली होती! आणि एवढी वर्षं मीच भाभींना विचारत होते, कोणी शिकवलं म्हणून.

"मग मला कधी सांगितलं का नाही गं त्यांनी?"

सोनलने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. "मीपण हेच विचारलं होतं एकदा. तर म्हणाल्या, 'तिला बिलकुल सांगू नको. फुगली तर त्या कोटात मावायची न्हाई.'"